एका कान्याचा फरक

मराठी भाषेने लहान मुलांच्या बचावाची सोय व्याकरणातच करून ठेवलेली आहे. टेबलावरचा कप खाली येऊन त्याचे चार तुकडे झाले की मूल स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणतं, "आई, कप फुटला." आई पोळीवरची नजर न काढता विचारते, "फुटला, की फोडलास?" घटना एकच, तुकडेही तेवढेच. पण मुलाच्या वाक्यात कप स्वतःच्या जबाबदारीवर फुटलेला असतो. जणू आयुष्याला कंटाळून त्याने टेबलावरून उडी घेतली. आईच्या वाक्यात मात्र लगेच एक आरोपी उभा राहतो आणि त्याचे कान हाताच्या टप्प्यात येतात.

अशा जोड्या आपल्याकडे पुष्कळ. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे. यांतलं पहिलं क्रियापद आरोपीच्या वकिलासाठी आणि दुसरं सरकारी वकिलासाठी राखून ठेवलेलं आहे. इंग्रजांना ही चैन नाही. त्यांचं 'ब्रेक' दोन्हीकडून साक्ष देतं. आमचं तसं नाही. 'बंद पडला' आणि 'बंद पाडला' यांत फक्त एका कान्याचा फरक, पण त्या कान्याच्या अलीकडे दैव असतं आणि पलीकडे गुन्हा. ज्या मुलखात 'ध'चा 'मा' झाल्यामुळे १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा जीव गेला असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तिथे एखादा काना इकडचा तिकडे करताना माणसाने जरा दमानं घ्यायला हवं.

पण आपण घेत नाही. घरात काहीही बंद पडलं की आपला पहिला प्रश्न 'काय झालं?' हा नसतो. 'कोणी हात लावला होता?' हा असतो. आमच्या जुन्या नैयायिकांनी मातीचा घडा पुढ्यात ठेवून कारणांचे चांगले तीन प्रकार पाडले होते : समवायी, असमवायी आणि निमित्त. माती हे एक, तिच्या भागांचा संयोग हे दुसरं, आणि कुंभार, त्याचं चाक, त्याची काठी ही निमित्तं. मोठी सखोल विद्या. पण घडा घडण्याऐवजी फुटला की घरोघर त्यातलं एकच कारण शिल्लक राहतं, ते म्हणजे निमित्त. आणि निमित्ताला दोन पाय असतात, व ते बहुधा नेमकं त्याच वेळी तिथून चाललेलं असतं.

या प्रश्नावर मी एवढा विचार करीन असं मला वाटलं नव्हतं. तो करायला लावला एका कॅल्क्युलेटरने, आणि तोही लोटे मुक्कामी.

लोटे कुठे, ते सांगतो. मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकून चिपळूणकडे निघालात की परशुराम घाट उतरण्याआधी हे गाव लागतं. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवलं अशी आपल्याकडे कथा आहे. लोट्याला उरलेलं काम एम.आय.डी.सी.ने हाती घेतलं. घाटाच्या तोंडाशी परशुरामाचं देऊळ आणि अलीकडे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत, अशी तिथली एकंदर रचना आहे. त्यामुळे तिथल्या बोलण्यात आंबा-काजूच्या बरोबरीने 'फर्स्ट शिफ्ट', 'प्लँट' आणि 'टँकर' हे शब्द अगदी सोवळ्यातल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी असतात.

तिथे माझ्या थोरल्या मेहुण्यांचं घर आहे. मेहुणे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना खातेनिहाय चौकशी हा त्यांचा हातखंडा विषय. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, चौकशी सुटली नाही. दूध उतू गेलं तरी ते आधी घटनास्थळाची पाहणी करतात.

मेहुण्यांची एक नात अमेरिकेत असते. ती गेल्या जुलैत आजोळी आली तेव्हा इथल्या बारावीतल्या मामेभावासाठी आपला जुना कॅल्क्युलेटर घेऊन आली. हा वाण्याकडच्या बेरीज-वजाबाकीतला नव्हे. आलेख काढणारा. समीकरण भरायचं आणि कळ दाबायची, की पडद्यावर वक्ररेषा सरसरत चढते, उतरते. या जातीचा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ साली बाजारात आणला. अमेरिकेत पुढे त्याचं इतकं प्रस्थ वाढलं की १९९५ पासून तिथल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या कॅल्क्युलस परीक्षेला तो लागायलाच लागला. आता २०२४ पासून त्यांची ती एस.ए.टी. नावाची परीक्षा संगणकावर होते आणि आलेख काढायची सोय त्या पडद्यावरच असते, त्यामुळे घरोघरची ही यंत्रं रिकामी झाली. त्यातलं एक लोट्याला आलं.

इथे त्याचा उपयोग काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्या बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तिथे अजून लॉग टेबलचंच राज्य आहे. त्यामुळे ज्याच्यासाठी तो आणला, त्या नातवाने दोन दिवस हौस केली आणि तो काचेच्या कपाटात ताजमहालाच्या प्रतिकृतीशेजारी ठेवून दिला. त्याच्याशी खरा संसार केला तो दुसऱ्यानेच. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा सातवीतला मुलगा शाळा सुटली की आईला घ्यायला यायचा आणि ती मोकळी होईपर्यंत ओटीवर बसायचा. नात त्याला कॅल्क्युलेटर दाखवायची. चार दिवसांत त्या पोराने कोणाला न विचारता डोंगर काढले, दऱ्या काढल्या, आणि साइनची नागमोडी रेघ बघून "हा आपला घाट!" असं जाहीर केलं.

नात परत गेली. पुढच्या सोमवारी नातवाने मित्राला दाखवायला कॅल्क्युलेटर काढला, कळ दाबली, आणि पडदा कोराच राहिला. पुन्हा दाबली. पुन्हा कोरा. मी त्या आठवड्यात सहकुटुंब तिथेच होतो, त्यामुळे पुढचं सगळं प्रकरण साक्षीदार म्हणून पाहिलं.

"कोणी हात लावला होता?" मेहुण्यांनी चष्मा पुसत विचारलं. चष्मा पुसला की चौकशी सुरू झाली असं समजायचं.

नातू म्हणाला, मी नाही. वहिनी म्हणाल्या, मला चुलीपुढून उठायला फुरसत आहे का. मोलकरीणबाई म्हणाल्या, मी फक्त कपाटाची काच पुसते, आत हात घालत नाही. मुलगा काहीच बोलला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उंबऱ्याकडे बघत राहिला. चौकशी अधिकाऱ्याला एवढं पुरतं.

"तू काय केलंस रे?"

"मी नाय बंद पाडला," मुलगा म्हणाला. बघा, काना त्याने बरोबर ओळखला होता. त्यानंतर मात्र त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवसापासून तो ओटीवरही येईना. रस्त्यापलीकडच्या फणसाखाली छत्री घेऊन उभा राहायचा आणि तिथूनच आईला हाक मारायचा. त्याची आई घरात काम करताना एरवी गाणं गुणगुणायची, तेही बंद झालं. म्हणजे एक कॅल्क्युलेटर बंद पडल्यावर घरातल्या आणखी दोन गोष्टी बंद पडल्या, पण त्यांची चौकशी कोणी केली नाही.

इकडे उपचार जोरात चालू होते. प्रथम, राष्ट्रीय पद्धतीप्रमाणे, यंत्राला तळहाताने दोन चापट्या मारून झाल्या. मग सेल बदलायचे ठरलं. लागतात चार, बारीक पेन्सिल सेल. ते टीव्हीच्या रिमोटमधून दोन आणि सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटमधून दोन असे काढले. कॅल्क्युलेटर चालू झाला नाहीच, वर टीव्हीही लागेना, आणि संध्याकाळच्या मालिकेत सून घर सोडून गेली की नाही हे वहिनींना शेजारी जाऊन विचारावं लागलं. मग कोणीतरी सांगितलं, ओल धरली असेल, तांदळात ठेवा. कोकणातल्या जुलैत ओल न धरलेली वस्तू शोधणं कठीण, त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. कॅल्क्युलेटर दोन दिवस तांदळाच्या डब्यात राहिला. तिसऱ्या दिवशी भातात कसलासा प्लॅस्टिकचा वास येतो असं आमच्या सौभाग्यवतींचं मत पडलं. शेवटी शेजारच्या आजींनी देवाला कौल लावायचा सल्ला दिला.

कौलाला हसू नका. देवाच्या अंगावर कळे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवा पडतो की डावा हे बघायचं. हो किंवा नाही, बस्स. पुढचा प्रश्न, पुन्हा हो किंवा नाही. आजचे तंत्रज्ञ यंत्राचं दुखणं शोधताना याच चालीने जातात. सेल ठीक आहे का? हो. तार जोडलेली आहे का? हो. मग पुढचं. कौलाची पद्धत निर्दोष आहे. बिघडतो तो प्रश्न. देवापुढे उभं राहूनसुद्धा माणूस 'काय नडलं?' एवढ्यावर थांबत नाही, 'कोणाचं नडलं?' हे विचारल्याशिवाय त्याला घरी जाववत नाही.

गुरुवारी दुपारी शेजारचे एक गृहस्थ डोकावले. वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. दाबाची, तापमानाची, पातळीची मापकं नीट ठेवणं हे त्यांचं काम. तीनच्या शिफ्टला जायचं होतं, पाऊणएक तास हाताशी होता. मेहुण्यांनी त्यांच्यापुढे आतापर्यंतच्या चौकशीचा गोषवारा मांडला, त्यात 'संशयित' हा शब्द दोनदा आला. गृहस्थांनी तो ऐकला न ऐकला असं केलं आणि पिशवीतून मल्टिमीटर काढला.

"आधी फुकटचं बघायचं, मग पैशाचं," ते म्हणाले. चारही सेल मोजले. प्रत्येकी दीड व्होल्ट भरले. सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडे आहे ना, हे पाहिलं. मग पट्ट्यांवर पांढरं काही साचलंय का ते बोटाने चाचपलं. अल्कलाइन सेल जुना झाला की आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पांढरी पूड होते आणि ती वीज अडवते. तसं असेल तर कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पुसलं की बऱ्याचदा भागतं. पण इथे पट्ट्या लख्ख होत्या.

मग त्यांनी विचारलं, "हा सगळ्यांत जास्त कोण वापरायचं?"

सगळ्यांनी फणसाकडे पाहिलं. गृहस्थांनी मुलाला हाक मारली, ओटीवर शेजारी बसवलं आणि कॅल्क्युलेटर सरळ त्याच्या हातात दिला. माझ्या मते अर्धी दुरुस्ती त्याच क्षणी झाली.

"मला ह्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "बंद होण्याआधी काय दिसत होतं?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फिका फिका होत गेला."

"एकदम, की हळूहळू?"

"हळूहळू. मी बाण दाबत होतो. रेघ खाली न्यायला."

"कुठला बाण?"

"ही रंगीत कळ, न् मग खालचा बाण."

"मग आता रंगीत कळ दाब आणि वरचा बाण धरून ठेव."

मुलाने आधी चालू करायची कळ दाबली, मग रंगीत कळ, मग वरचा बाण. दोन-तीन सेकंद काही झालं नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यात धुक्यातून माणूस यावा तसा एक राखाडी ठिपका आला, गडद झाला, आणि चौकोन होऊन लुकलुकायला लागला.

कॅल्क्युलेटर बंद पडलाच नव्हता. पडद्याचा उठाव कमी होत होत शून्याला टेकला होता, एवढंच. या पडद्यांना स्वतःचा उजेड नसतो. त्यांच्यात द्रव स्फटिक नावाचा एक पदार्थ असतो. १८८८ साली प्राग शहरी राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करताना तो गुण प्रथम दिसला. त्यावर विजेचा दाब कमीजास्त केला की अक्षरं फिकट किंवा गडद दिसतात. नवे सेल घालूनही फरक पडला नाही, कारण आत बटणाएवढा आणखी एक सेल असतो, मोठे सेल बदलताना यंत्राची आठवण पुसू नये म्हणून. त्याने आठवण इमानाने जपली, आणि आठवणीबरोबर तो फिकेपणाही जपला. म्हणजे त्या चार दिवसांत आम्ही ज्या ज्या वेळी कळ दाबली, त्या त्या वेळी ते बिचारं जागं झालं होतं, पाच मिनिटं वाट बघितली होती आणि कोणी ओळख देत नाही म्हणून पुन्हा झोपलं होतं. चापटी खाल्ली तेव्हाही बहुतेक जागंच असावं.

"म्हणजे बंद पाडला यानेच!" मेहुण्यांनी निकाल दिला.

"दादा," गृहस्थ चपला पायात सरकवत म्हणाले, "तो पडलाच नव्हता."

आणि ते शिफ्टला गेले.

त्यांच्यामागे मला जे सुचलं ते असं. चार दिवस त्या घरात ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, ते एका माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. फणसाखाली छत्री घेऊन उभं होतं ते. पण आपण विचारलं 'कोणी?' आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे स्वतःच्या पाठीवर रट्टा मागून घ्यायचा. 'काय?' असं विचारल्यावर तेच पोर तीन वाक्यांत मोकळं झालं. एकंदरीत या जगाची मांडणीच अशी विचित्र आहे की 'काय झालं' हे ज्याला सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं, बहुतेक वेळा तोच 'कोणी केलं' या प्रश्नाचं उत्तरही असतो. त्यामुळे दुसरा प्रश्न आधी विचारला की पहिल्याचं उत्तर कायमचं बुडतं. आरोपी सापडतो आणि यंत्र बंदच राहतं.

हे शहाणपण काही लोकांना वेळीच सुचलं. १९४७ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातला मार्क-टू नावाचा खोलीभर पसरलेला संगणक अडला. शोधता शोधता एका रिलेत पतंग सापडला, दिव्यावर येतो तसला. तिथल्या मंडळींनी तो काढला, नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला, आणि शेजारी तो कुठल्या रिलेत मिळाला ते लिहून ठेवलं. तो पतंग आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. खिडकी कोणी उघडी टाकली होती, हे मात्र त्या नोंदीत लिहिलेलं नाही. आमच्या मेहुण्यांकडे ती वही असती तर पतंग फेकला गेला असता आणि खिडकीवर अकरा पानी अहवाल तयार झाला असता.

विमानांचं तर याहून पुढे गेलं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ सालीच अपघाताच्या तपासाविषयी एक परिशिष्ट केलं. आज त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे, की या तपासाचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये एवढाच आहे, दोष कोणाच्या माथी मारायचा हे ठरवणं हा नाही. आकाशात ज्यांचे जीव टांगलेले असतात त्यांना काना लवकर कळतो.

आता कोणी म्हणेल, हे बरं आहे! म्हणजे कोणालाच काही विचारायचं नाही? फोडणाऱ्याने फोडत राहायचं आणि आपण 'फुटला, फुटला' म्हणून पतंग चिकटवत बसायचं?

हा आक्षेप खोटा नाही, आणि लोट्यात बसून तर तो हसण्यावारी नेताच येत नाही. मार्च २०२१ मध्ये तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. दाभोळच्या खाडीत मासे मरून तरंगले म्हणून खाडीकाठच्या भोई लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. अशा वेळी 'मासे मेले' असं म्हणून क्रियापद तिथेच थांबवणं हा शुद्ध लबाडपणा होईल. जिथे माणसाला धोका ठाऊक होता, पैसा वाचवायचा म्हणून त्याने डोळे मिटले, तिथे काना लागलाच पाहिजे, आणि ठळक लागला पाहिजे.

पण गंमत अशी, की तो काना बरोबर जागी लागायलासुद्धा आधी 'काय झालं' हेच विचारावं लागतं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, एका रात्रीत हजारो माणसं मेली. पुढे युनियन कार्बाइड कंपनीने बचाव मांडला, की एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. म्हणजे 'कोणी?' या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या खिशात तयार होतं, आणि त्या उत्तराच्या अंगावर कामगाराचे कपडे होते. 'काय?' असं विचारल्यावर वेगळंच बाहेर आलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्‌महिने बंद ठेवलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारी मशाल नळ तुटक असल्याने निकामी होती. ही बटणं कुठल्या एका कामगाराच्या हातातली नव्हेत. ती बंद 'पडलेली' नव्हती, ती कोणीतरी बंद 'ठेवलेली' होती. 'काय' नीट विचारलं की 'कोण' आपोआप वरच्या मजल्यावर सरकतो. घाईने विचारलेला 'कोण' मात्र पाण्यासारखा असतो. तो नेहमी खालच्या पायरीवर जाऊन साचतो. कारखान्यात तो कामगारापाशी साचतो आणि घरात मोलकरणीच्या मुलापाशी. आमच्या मेहुण्यांनी चौकशीत चार जणांना विचारलं, पण चष्मा पुसून बघितलं एकाकडेच.

तेव्हा नियम तसा सोपा आहे. दोन्ही प्रश्न विचारायचे, पण क्रमाने. आधी काय झालं, मग ते का झालं, आणि एवढं सगळं कळल्यावर आवश्यकता उरलीच तर कोणी. माझा अनुभव असा, की शंभरातल्या नव्वद वेळा तिसऱ्या प्रश्नापर्यंत जावंच लागत नाही. उरलेल्या दहा वेळा जावं लागतं, आणि तेव्हा जो सापडतो तो आपण सुरुवातीला धरलेला नसतो.

हे आपल्याला मुळीच जमत नाही असंही नाही. एका बाबतीत अख्खा महाराष्ट्र शास्त्रशुद्ध वागतो, ती म्हणजे वीज गेल्यावर. दिवे गेले की तत्क्षणी कोणीही कोणावर आळ घेत नाही. सगळं घर उठून खिडकीशी जातं आणि एकच प्रश्न विचारतं : "आपलीच गेली, की सगळ्यांची?" किती नेमका प्रश्न! एका फटक्यात दुखणं घरातलं की बाहेरचं, ते कळतं. पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही, आणि कोणाचं मन मोडत नाही. सगळ्यांचीच गेली असेल तर माणसं समाधानाने गॅलरीत येतात, उकडतंय म्हणतात, आणि सहा महिने न बोललेले शेजारी एकमेकांशी बोलतात.

पंचाईत होते ती फक्त आपलीच गेली तर. मग सगळे परत आत वळतात, आणि काना लावायचा की नाही ते त्याच क्षणी ठरतं. अशा वेळी आधी फ्यूजकडे जावं, कोणाच्या तोंडाकडे बघू नये. नाही तरी अंधारात तोंडं दिसत नाहीतच.